‘सर्व्हर डाऊन’ : नकार कोणाचा, भुर्दंड कोणाला?

‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’

मैत्रिणींनो, हे वाक्य आपल्यापैकी कोणी ऐकलेलं नाही? रेशनच्या दुकानात, सेवा केंद्रात, बँकेच्या खिडकीशी, अंगणवाडीच्या दारात. पूर्वी ‘साहेब मीटिंगला गेलेत’ असं सांगून बाईला परत पाठवत. साहेबाशी निदान भांडता येत होतं. त्याच्या दारात बसून राहता येत होतं, दहाजणी जमवून घेराव घालता येत होता. सर्व्हरला घेराव कसा घालायचा? तो कुठे असतो हे खिडकीतल्या पोरालाही माहीत नसतं. बाई मुकाट्याने पिशवी उचलते, रोज बुडालेला असतो, एसटीचं भाडं गेलेलं असतं. उद्या ती पुन्हा येते.

या वाक्यात कर्ता नाही हे लक्षात घ्या. पाऊस पडला, वीज गेली, तसाच सर्व्हर डाऊन झाला! कोणी केलं नाही, कोणी ठरवलं नाही, कोणी जबाबदार नाही. आमचं म्हणणं असं की हे खोटं आहे. एका वेळी किती जणींची विनंती घ्यायची, ओळख कशी पटवायची, ती पटली नाही तर काय करायचं, मुदत कधी संपवायची, हे सगळं माणसांनी बसून ठरवलेलं असतं. त्यांचा अंदाज चुकला की त्याचा भुर्दंड मात्र रांगेतली बाई भरते.

‘हे तांत्रिक आहे, आपल्याला काय कळतंय’ असं म्हणून आपण हा विषय बाजूला ठेवत आलो. हे आता परवडणारं नाही. आपण सात-बारा वाचायला शिकलो, एफआयआरची प्रत मागायला शिकलो. यंत्र निष्पाप नसतं, ते कोणाच्या हातात आहे आणि कशासाठी चालतंय हे विचारावं लागतं, हेही आपण सोनोग्राफीच्या वेळी शिकलो. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा १९८८ चा महाराष्ट्राचा कायदा काही डॉक्टरांनी आपणहून दिला नव्हता. तशीच ही नवी खिडकी वाचायला शिकावं लागेल.

पडद्यामागे काय चालतं?

केंद्रातल्या पडद्यावर दिसतो तो नुसता अर्ज. बटण दाबलं की त्यामागे एक संगणक दुसऱ्याला विचारतो, ‘या आधार क्रमांकाची व्यक्ती आहे का? तिच्या मोबाइलवर ओटीपी पाठव. तिने सांगितलेला ओटीपी बरोबर आहे का?’ योजनेचं पोर्टल एक, आधारची यंत्रणा दुसरी, मेसेज पोहोचवणारी मोबाइल कंपनी तिसरी. यांनी एकमेकांना कसं विचारायचं आणि कसं उत्तर द्यायचं, याची जी ठरलेली वाट असते तिला एपीआय म्हणतात. बाईचं काम या वाटेवर कुठेही अडकू शकतं.

पण अडकलं म्हणजे नेमकं काय झालं? इंटरनेटच्या नियमांत नकारांना क्रमांक दिलेले आहेत, आणि ते आपण पाठ करावेत असे आहेत. ४०१ म्हणजे ‘तू कोण ते अजून पटलेलं नाही.’ ४०३ म्हणजे ‘तू मागतेस ते तुला मिळणार नाही.’ ४२९ म्हणजे ‘फार विनंत्या आल्या, मर्यादा ओलांडली.’ हा क्रमांक २०१२ मध्ये नियमात आला. ५०३ म्हणजे ‘आत्ता मीच काम करू शकत नाही.’ पहिल्यात कदाचित बाईचा ओटीपी चुकला असेल. दुसऱ्यात तिच्या पात्रतेचा प्रश्न असेल, त्यावर तिला अपील करता आलं पाहिजे. पण ४२९ आणि ५०३ मध्ये बाईचा काडीचा दोष नाही. तिथे यंत्रणाच अपुरी पडलेली असते.

केंद्राच्या खिडकीतून मात्र या चारही नकारांचं एकच भाषांतर बाहेर येतं: ‘होत नाही.’ बाईला वाटतं आपलंच काही चुकलं. आपला अंगठा झिजलाय, आपलं नाव चुकलंय, आपलं नशीब खोटं. वर्षानुवर्षं बाईला हेच शिकवलेलं आहे, की काही बिघडलं तर आधी स्वतःत खोट शोध. यंत्राने तेच पुढे चालवलं.

आणखी एक गोष्ट ऐका. ४२९ किंवा ५०३ असं उत्तर देताना ‘इतक्या सेकंदांनी परत ये’ असं सांगायची सोयसुद्धा त्या नियमांत आहे. संगणकाने संगणकाला नाही म्हणतानाही थांबायची वेळ सांगावी, इतकी सभ्यता पाळलेली आहे. प्रोग्राम लिहिणाऱ्यांना शिकवतात, की नकार आला तर एक सेकंद थांबा, मग दोन, मग चार, उगाच दार ठोठावत बसू नका. म्हणजे यंत्राचा वेळ वाया जाऊ नये याची काळजी आहे. बाईला मात्र ‘उद्या या.’ उद्या किती वाजता? उद्या नक्की होईल? कोणी सांगत नाही.

मर्यादा असू दे, पण कोणासाठी?

विनंत्यांना मर्यादा नकोच असं आम्ही म्हणत नाही. ती लागते. १२ एप्रिल २०२५ ला देशभर यूपीआय ठप्प झालं, तेव्हा कारण हेच निघालं की काही बँकांच्या यंत्रणा जुन्या व्यवहारांचं काय झालं हे पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या आणि त्या प्रश्नांच्या पुराखाली सगळंच बसलं. मग १ ऑगस्ट २०२५ पासून मर्यादा आल्या: एका अ‍ॅपवरून दिवसाला ५० वेळा शिल्लक बघता येईल, अडकलेल्या व्यवहाराची स्थिती तीनच वेळा आणि मध्ये ९० सेकंद सोडून विचारता येईल. आकडे जाहीर झाले, वर्तमानपत्रांत छापून आले. पैशांचे व्यवहार करणाऱ्यांना मर्यादा सांगितली जाते. मग दरमहा १,५०० रुपयांसाठी रांगेत उभ्या असलेल्या बाईला ती का सांगितली जात नाही? पोर्टल तासाला किती जणींना पेलतं, हे केंद्राच्या भिंतीवर का लिहिलेलं नसतं?

मर्यादा सर्वांना सारखी असली तरी तिची झळ सारखी नसते, हे आपण लसीच्या वेळी पाहिलं. १ मे २०२१ ला १८ ते ४४ वयाच्यांना लस खुली झाली, पण आधी कोविनवर ऑनलाइन नोंदणी आणि त्यासाठी ओटीपी. कोविनच्या खुल्या एपीआयला एका इंटरनेट पत्त्यावरून पाच मिनिटांत १०० विनंत्यांची मर्यादा होती. म्हणजे ज्याला प्रोग्राम लिहिता येतो, त्याचा संगणक दर तीन सेकंदांनी ‘जागा आहे का’ विचारू शकत होता, आणि शहरातल्या हुशार पोरांनी तसे प्रोग्राम लिहिलेही. ज्या बाईकडे फोनच नाही, तिची विनंती दिवसाला शून्य. २४ मेपासून सरकारी केंद्रांवर थेट जाऊन नोंदणी करायला परवानगी मिळाली. ३१ मेच्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानेही डिजिटल दरीबद्दल सरकारला प्रश्न विचारले. जून २०२१ पर्यंत देशात पुरुषांपेक्षा कमी बायकांना लस मिळाली होती. त्याला आणखीही कारणं होती, घरातून बाहेर पडण्यापासून ते अफवांपर्यंत. पण फोनची अट हे त्यांतलं एक नव्हतं असं कोण म्हणेल?

‘एका इंटरनेट पत्त्यावरून’ या शब्दांवर थोडं थांबा. घरात लॅपटॉप असलेला एक माणूस म्हणजे एक पत्ता. साठ बायांची रांग लागलेलं सेवा केंद्र म्हणजेही एकच पत्ता. जिथे जिथे मर्यादा अशी पत्त्यावर मोजली जाते, तिथे साठजणींच्या वाट्याला त्या एका माणसाइतक्याच विनंत्या येतात. मोजमाप करणाऱ्याने स्वतःसारखाच माणूस डोळ्यांसमोर धरला होता: स्वतःचं यंत्र, स्वतःचा फोन, रात्री निवांत वेळ असलेला. साठजणींनी मिळून एकच खिडकी वापरायची असते, हे त्याला सुचलंच नाही.

ओळख बाईची, ओटीपी नवऱ्याचा

आता ओळखीकडे येऊ. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना २०२४ च्या जून महिन्यात जाहीर झाली. २१ ते ६५ वयाच्या, अडीच लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या बायांना महिना १,५०० रुपये. १८ सप्टेंबर २०२५ ला सर्व लाभार्थींना ई-केवायसी सक्तीची झाली, मुदत दोन महिने. बाईने आपला आधार क्रमांक घालायचा, आपल्या मोबाइलवरचा ओटीपी सांगायचा. एवढ्यावर संपलं नाही. पुढे नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यांच्या मोबाइलवर आलेला ओटीपी!

कारण दिलं गेलं कुटुंबाच्या उत्पन्नाचं. पण याचा अर्थ काय होतो ते बघा. बाईच्या नावाने, बाईच्या खात्यात जाणाऱ्या पैशांची किल्ली पुरुषाच्या खिशातल्या फोनमध्ये ठेवली. जो नवरा दारू पिऊन मारतो, त्याच्याकडे जाऊन ‘आकडा सांगा’ म्हणायचं. तो म्हणेल, ‘निम्मे मला देणार असशील तर सांगतो.’ जो सोडून गेला, दुसरीबरोबर राहतोय, त्याला शोधायचं. कामासाठी लांब गेला असेल तर त्याला फोन लावायचा, आणि तो उचलेपर्यंत ओटीपीची मुदत संपलेली, पोर्टलने बाहेर काढलेलं, पहिल्यापासून सुरुवात.

ज्या राज्याने १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आईचं नाव लावणं बंधनकारक केलं, त्याच राज्याने पुढच्याच वर्षी आईची ओळख पटवायला नवऱ्याचा फोन मागितला. कागदावर आईचं नाव आणि यंत्रात बापाचा ओटीपी!

ओरड झाल्यावर नोव्हेंबर २०२५ मध्ये थोडी दुरुस्ती झाली. ज्यांचे नवरा किंवा वडील हयात नाहीत, किंवा घटस्फोट झालाय, त्यांनी स्वतःची ई-केवायसी करून मृत्यूचा दाखला, घटस्फोटाचा कागद किंवा न्यायालयाचा आदेश अंगणवाडी सेविकेकडे द्यायचा. मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढली. ही दुरुस्ती चांगलीच. पण परित्यक्तेचं काय? तिला नवऱ्याने टाकलेलं असतं, त्याचा कुठलाही दाखला नसतो. कोर्टात जायला पैसा नसतो म्हणूनच तर तिला त्या १,५०० रुपयांची गरज असते. नव्वदच्या दशकात परित्यक्तांनी मोर्चे काढून स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड मागितलं, ‘आम्ही कोणाची कोण म्हणून नाही, आम्ही स्वतः आहोत’ असं ठणकावलं. तीच लढाई आता पडद्यावरच्या एका चौकोनाशी नव्याने लढायची आहे. त्या चौकोनात पती आणि वडील असे दोनच पर्याय होते. ‘मी स्वतः’ हा तिसरा पर्याय ठेवायला किती खर्च आला असता?

मुळात फोन बाईचा असतो का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या ५४ टक्के बायकांनीच स्वतः वापरत असलेला मोबाइल असल्याचं सांगितलं. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या बायका ३३ टक्के. आधारला जोडलेला नंबर अनेकींच्या बाबतीत मुलाचा, दिराचा किंवा वर्षांपूर्वी बंद पडलेला असतो. म्हणजे यंत्र ओळखतं ते बाईला नव्हे, तिच्या नावाला चिकटलेल्या फोनला.

त्यात वेळ बघा. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात पुराने हाहाकार झाला, घरं पाण्यात, कागद पाण्यात. पुढे दिवाळीच्या सुमाराला बीडकडच्या जोड्या ऊसतोडीला निघतात. त्याच दिवसांत लाखो बायका एकाच पोर्टलवर. ओटीपी येत नाही अशा तक्रारींचा इतका गदारोळ झाला, की ऑक्टोबरच्या सुरुवातीला तांत्रिक अडचण असल्याचं मंत्र्यांनाच मान्य करावं लागलं. एवढ्या बायका आहेत हे सरकारला आधी माहीत नव्हतं का? भाषणात आकडा सांगताना तर तो तोंडपाठ असतो!

‘पण बोगस लाभार्थी…’

इथे कोणीतरी म्हणणारच, ‘बाई, तपासणी नको का? उद्या कोणीही पैसे घेईल.’ प्रश्न रास्त आहे, त्याला उत्तर द्यायला हवं. २०२५ च्या जुलैमध्ये सुमारे २६ लाख लाभार्थी अपात्र असल्याचा संशय सरकारनेच जाहीर केला. काही ठिकाणी चक्क पुरुषांनी अर्ज करून पैसे घेतल्याचंही पुढे आलं. पण हे पुरुष आत आले कुठून? अर्ज, आधार आणि बँक खातं तपासणाऱ्या त्याच सरकारी यंत्रणेतून! निवडणुकीआधी दार सताड उघडं ठेवायचं, नंतर तेच दार इतकं घट्ट करायचं की खरीखुरी बाई बाहेर राहावी. ज्याच्याकडे फोन, वेळ आणि ओळखी आहेत तो लबाड आज ना उद्या वाट काढतो. जिच्याकडे यातलं काही नाही ती अडकते. तपासणी करा, पण पात्र बाई बाहेर राहिली तर ती चूकही तितकीच मोठी समजून मोजा. आज अपात्र किती सापडले याचा आकडा येतो. यंत्र चाललं नाही म्हणून पात्र असून किती जणी वगळल्या, याचा आकडा कोणी काढायचा?

आणि या सगळ्यात शिव्या कोण खातं? अंगणवाडी सेविका. बाया तिलाच विचारतात, ‘माझे पैसे का आले नाहीत?’ तिच्या हातात ना सर्व्हर ना अधिकार. वरचा साहेब आणि खालची बाई यांच्यामध्ये पुन्हा एक बाईच उभी केलेली. तिच्याशी भांडून आपण सरकारचं काम सोपं करतो. २०२१ मध्ये याच सेविकांनी निकृष्ट सरकारी मोबाइल परत करण्याचं आंदोलन केलं आणि पोषण ट्रॅकर अ‍ॅप मराठीत मागितलं. ‘आम्हाला जमत नाही’ असं न म्हणता ‘तुमचं यंत्र नीट नाही’ असं त्या म्हणाल्या. आपल्याला शिकायचं असेल तर ते त्यांच्याकडून.

कायदा काय म्हणतो?

आधार कायद्याच्या (२०१६) कलम ७ मध्येच म्हटलं आहे, की आधार क्रमांक मिळालेला नसेल तर ओळखीचा दुसरा मार्ग दिला पाहिजे. २४ ऑक्टोबर २०१७ च्या परिपत्रकात आधार प्राधिकरणाने सांगितलं, की नेटवर्क किंवा अन्य तांत्रिक कारणाने ओळख जुळली नाही तरी लाभ नाकारू नये आणि अशा अपवादांची नोंदवही ठेवावी. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने कायदा वैध ठरवला, पण ओळख जुळली नाही एवढ्यावरून पात्र माणूस वंचित राहू नये हेही बजावलं. थोडक्यात, ‘सर्व्हर डाऊन’ हे लाभ नाकारायचं कारण होऊ शकत नाही. ही नोंदवही तुमच्या गावात, वस्तीत कोणी पाहिली आहे का? मागून बघा.

आपण काय करायचं?

पहिलं, नोंद. गटातल्या एकीने साधी वही घालावी: तारीख, वेळ, केंद्र, पडद्यावर आलेला शब्दशः मजकूर किंवा क्रमांक, कितवी खेप, किती रोज बुडाला. पडद्याचा फोटो काढा, पण आधार क्रमांक आणि ओटीपी झाकून. ओटीपी फोनवर कोणा अनोळखी माणसाला सांगू नका.

दुसरं, नकार कोणाचा ते वेगळं काढा. ओटीपी आलाच नाही, आला पण उशिरा आला, बरोबर असून नाकारला, की पान उघडलंच नाही? एकाच दिवशी एकाच केंद्रात दहाजणींना तोच नकार आला, तर दोष दहाजणींचा नसणार हे उघड आहे. आधारच्या संकेतस्थळावर गेल्या सहा महिन्यांत आपली ओळख कधी तपासली आणि जुळली की नाही, हे दिसतं. गंमत अशी की तेही बघायला ओटीपी लागतो! पण ज्यांना शक्य आहे त्यांनी जरूर काढावं.

तिसरं, माहितीचा अधिकार वापरा. विचारा: पोर्टल एका तासाला किती विनंत्या पेलतं? मर्यादा किती आणि ती कशी मोजली जाते, माणसावर की केंद्रावर? किती प्रयत्न फसले, कोणत्या कारणाने? नोंदवहीत किती अपवाद आहेत?

चौथं, मागण्या. नकार मराठीत, कारणासह आणि लेखी मिळाला पाहिजे. यंत्रणेच्या दोषाने फसलेला प्रयत्न बाईच्या नावावर मोजला जाऊ नये, आणि ती ज्या दिवशी प्रथम केंद्रात आली तीच तारीख मुदतीसाठी धरावी. सेविकेच्या फोनवर माहिती भरून ठेवून गर्दी ओसरल्यावर रात्री पाठवायची सोय हवी. कोणत्याही बाईची ओळख पटवायला पुरुषाचा ओटीपी मागू नये, उत्पन्न तपासायचं तर सरकारने स्वतःच्या दप्तरातून तपासावं. परित्यक्तेसाठी ग्रामसभेचा किंवा स्थानिक चौकशीचा दाखला ग्राह्य धरावा.

हे मागायला संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. हँडपंप बंद पडला तर तो का बंद आहे, कोण दुरुस्त करणार आणि तोवर टँकर कधी येणार, हे आपण विचारतोच की. तोच प्रश्न इथे विचारायचा आहे.

पुढच्या वेळी खिडकीतून ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ असं आलं, तर पिशवी उचलू नका. मागे उभ्या असलेल्या चौघींना पुढे बोलवा आणि म्हणा, ‘बरं, हे आम्हाला लिहून द्या. तारीख, वेळ आणि सही.’ तो पोरगा गडबडेल. त्याच्यावर राग धरू नका, तोही पगारी माणूस. पण वहीत लिहा, पुढच्या बैठकीत ती वही घेऊन या. एका वहीला कोणी घाबरणार नाही. तालुक्यातल्या सगळ्या वह्या तहसीलदाराच्या टेबलावर एकदम ठेवल्या, तर ‘सर्व्हर डाऊन’ म्हणून आपल्याला परत पाठवणं कोणालाही जमणार नाही.